वादी स्वतः हजर

फौजदारी कोर्टात माणूस घाबरून खोटं बोलतो. दिवाणी कोर्टात तो निवांत खोटं बोलतो, कारण निकाल लागेपर्यंत आपण काय बोललो होतो हे कोणाच्याच लक्षात राहणार नाही, याची त्याला खात्री असते. माझ्या मात्र लक्षात राहिलं. मी गडचिरोलीकडच्या एका तालुक्याच्या कोर्टात स्टेनो होतो. साहेब सांगणार आणि मी टाइप करणार, अशी नोकरी. नव्वदच्या आसपास लागलो आणि टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर येईपर्यंत तिथेच चिकटून राहिलो.

दोस्तमंडळी विचारतात, शेखबाबू, एवढे किस्से तुमच्याकडे साठले कसे? त्यात काही कमाल नाही. दिवाणी कोर्टात दिवसभर काहीच घडत नाही, आणि काही घडत नसलं की माणसं बोलतात. त्यातून स्टेनोला हसायची सोय नाही. साहेबांच्या हाताशी बसलेला माणूस हसला की समोरच्या पक्षकाराला वाटतं, गेली आपली केस. म्हणून मी हसू गिळायचो आणि घरी येऊन बायकोला सांगायचो. हल्ली ती म्हणते, तेच ते ऐकून कान किटले, बाहेर जाऊन सांगा. म्हणून आता तुमची पाळी.

आमचं कोर्ट एका जुन्या गोदामात भरायचं. साहेबांचं टेबल, साक्षीदाराचा लाकडी पिंजरा आणि माझं मशीन एवढं मांडलं की उरलेल्या जागेत न्याय कसाबसा उभा राहायचा. मी सांगतोय त्या काळातले साहेब साताऱ्याकडचे. माणूस सरळ. आमच्याकडची बोली त्यांना आधी कळायची नाही, मग कळायला लागली, आणि बदली होऊन गेले तेव्हा तेही ‘का’ऐवजी ‘काऊन’ म्हणत गेले.

गावात वकील चार. त्यामुळे आमच्याकडे आपली केस आपणच चालवणारे पुष्कळ. एकदा पाच भावांच्या वाटणीचा दावा आला. चार भावांनी चार वकील लावले आणि धाकट्याच्या वाट्याला वकीलच उरला नाही. तो स्वतः उभा राहायचा. दोन वर्षं चार वकील एकमेकांवर हरकती घेत होते. शेवटी साहेब वैतागून म्हणाले, “अहो, तुमच्यापैकी कोणी तडजोडीला तयार आहे का?”

धाकट्यानं हात वर केला. “मी हाय साहेब. माह्याकडे वकील नाई, म्हणून मले जमते.”

*

अशांपैकी माझा सगळ्यात आवडता म्हणजे रामाजी. बांधाचा दावा त्यानं स्वतःच लावला होता आणि स्वतःच चालवत होता. वकिली तो कोर्टात बसून शिकला. दोन वर्षं मागच्या बाकावर बसून कोण काय बोलतो, काय बोलल्यावर काय मिळतं, हे सगळं त्यानं पाहून ठेवलं होतं.

एके दिवशी त्याची केस पुकारली. रामाजी पुढे आला आणि त्यानं साहेबांच्या हातात अर्ज दिला. साहेबांनी अर्ज वाचला, रामाजीकडे पाहिलं, पुन्हा वाचला. अर्जात लिहिलं होतं, वादीचे वकील महत्त्वाच्या कामानिमित्त बाहेरगावी गेल्यामुळे पुढील तारीख मिळावी.

“तुमचे वकील कोण?”

“मीच.”

“तुम्ही तर माझ्यासमोर उभे आहात.”

“ते त हाय साहेब.”

“मग बाहेरगावी कोण गेलंय?”

रामाजीनं समजूत घालावी तशा आवाजात सांगितलं, “साहेब, मले आज तारीख पाह्यजे. घरी धानाची चुरणी चालू हाय. पण चुरणीसाठी तारीख भेटते का नाई, मले मालूम नाई. वकील बाहेरगावी गेला म्हटलं का भेटते, हे मी दोन वर्षापासून पाहून राह्यलो.”

बाजूच्या बाकावर दोन वकील बसले होते. दोघांनीही त्याच कारणाचे अर्ज त्याच सकाळी दिले होते आणि ते मंजूरही झाले होते. साहेबांनी तिकडे एकदा पाहिलं आणि रामाजीला मळणीसाठी तारीख दिली.

*

समन्स बजावायला आमच्याकडे गेडाम नावाचे बेलीफ होते. सायकलवर धानोऱ्याच्या पल्याडच्या जंगलातल्या गावांपर्यंत जायचे. प्रतिवादी घरी सापडला नाही तर समन्स दारावर चिकटवायचं, असा कायदा आहे. कायदा करणाऱ्यानं दार लाकडाचं धरलं होतं.

गेडामांनी एका घराला समन्स चिकटवलं. प्रतिवादी मोहफुलं वेचायला गेला होता. घरी त्याची म्हातारी आई होती. गेडाम तिला सांगून आले, “पोराले म्हणा, हा कागद घेऊन तारखेवर कोर्टात ये. कागद फाडायचा नाई.”

तारखेला तो माणूस आला. डोक्यावर दार घेऊन आला. दार म्हणजे बांबूचा विणलेला तट्टा, त्याच्यावर मधोमध आमचं समन्स, खळीनं पक्कं चिकटलेलं. तट्टा कोर्टाच्या दारातून आत जाईना, म्हणून त्यानं तो आडवा केला आणि साहेबांच्या समोर नेऊन उभा केला. समन्सचा एक कोपरासुद्धा फाटला नव्हता.

साहेबांनी दारावरचं समन्स वाचून पाहिलं. मग विचारलं, “आणि घर उघडंच ठेवून आलात?”

“नाई साहेब. दारात बुडी बसवली हाय.”

साहेबांनी त्या दिवशी बाकीचं सगळं काम बाजूला ठेवून आधी त्याची केस घेतली. म्हातारी किती वेळ दारात बसणार, हा प्रश्न होता. गेडामांना मात्र त्या दिवसापासून चिकटवण्याच्या बाबतीत फार विचार करावा लागायचा.

*

मोहाच्या झाडाचा एक दावा होता. झाड एकाच्या बांधावर, पण अर्ध्या फांद्या शेजाऱ्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, झुकलेल्या. झाडाबद्दल कोणाचं म्हणणं नव्हतं, भांडण फुलांचं होतं. झाडवाला म्हणे, फूल माझ्या झाडाचं, कुठंही पडलं तरी माझं. शेजारी म्हणे, माझ्या जमिनीवर पडलं ते माझं. दोघेही आपापले वकील. मार्च महिन्यात दोघांच्या बायका पहाटे टोपल्या घेऊन समोरासमोर उभ्या राहायच्या, आणि त्यांचं बोलणं साहेबांना शब्दशः सांगायला दोघेही तयार नव्हते.

साहेबांनी जागेवर जाऊन पाहणी करण्यासाठी एका तरुण वकिलाला कमिशनर नेमलं. फुलं किती कुठं पडतात, ते पाहून अहवाल द्या म्हणाले. मोहाचं फूल पहाटे गळतं, म्हणून वकीलसाहेब अंधार असतानाच दोन्ही पक्षकारांना घेऊन शेतावर गेले. आणि गेले त्याच्या दुप्पट वेगानं परत आले.

अहवाल मीच टाइप केला. त्यातलं वाक्य मला अजून पाठ आहे. ‘पाहणीच्या वेळी वादग्रस्त फुले तिसऱ्याच इसमाच्या ताब्यात होती. सदर इसम अस्वल असल्यामुळे त्याचा जबाब नोंदवता आला नाही.’

साहेबांनी दोघांना विचारलं, आता काय करायचं. दोघेही म्हणाले, साहेब, आम्ही पाहून घेतो. पुढच्या वर्षी दोन्ही घरं मिळून पहाटे झाडाखाली जाळ करून बसायला लागली, आणि दावा काढून घेतला गेला. अस्वलाला पक्षकार करा, असा अर्ज कोणीच दिला नाही.

*

एक किस्सा माझ्या घरचाच आहे. करीमचाचा म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, बाजारात शिलाईचं दुकान होतं. वकिलांचे काळे कोट तेच शिवायचे, म्हणून त्यांना वाटायचं आपणही त्या खात्यातलेच. एका नवरदेवाचा कोट त्यांनी लग्न झाल्यावर आठव्या दिवशी तयार केला, आणि नवरदेवानं तो घेतला नाही. नवरदेवाच्या बापानं भरपाईचा दावा ठोकला. लग्नात पोरगा स्वेटर घालून बसला, बदनामी झाली, असं म्हणणं.

मी साहेबांना आधीच सांगितलं की चाचा आहेत. साहेब म्हणाले, “तुम्ही टाइप करा, निकाल मी देतो.”

चाचांनी वकील लावला नाही. ते कोट घेऊन कोर्टात आले आणि म्हणाले, नवरदेवाला घालून दाखवायला सांगा. नवरदेव उभा राहिला, कोट चढवला. सुरकुती नाही, झोळ नाही. कोर्टातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. एका वकिलानं तर मागून हात लावून खांदा पाहिला.

साहेब म्हणाले, “शिलाई चांगली आहे. पण यांची तक्रार शिलाईची नाहीच. तारखेवर काम झालं नाही, ही तक्रार आहे.”

चाचांनी कोटाची घडी घातली. मग अगदी अदबीनं म्हणाले, “साहेब, मी या कोर्टात सालभरापासून येऊन राह्यलो. इथी तारखेवर कोणाचं काम होते ते सांगा, मी भरपाई देऊन टाकतो.”

मी मशीनकडे पाहत राहिलो. निकाल चाचांच्या विरुद्ध गेला, ते बरोबरच होतं. पण तो निकाल साहेबांनी त्याच दिवशी दिला, आणि आमच्या कोर्टाच्या इतिहासात असं पहिल्यांदा घडलं.

*

साहेबांच्या निकालांत माझ्या मते सगळ्यात थोर निकाल तलावाच्या पाण्याचा. गावच्या जुन्या तलावाच्या नहरावर दोन शेतकऱ्यांच्या पाळ्या होत्या. पाणी दिवसा एकाच्या धानाला, रात्री दुसऱ्याच्या. पाणी कधी वळवायचं? तर संध्याकाळची एसटी गावात आली की. घड्याळापेक्षा ही पद्धत बरी, कारण एसटी सगळ्या गावाला दिसते आणि तिला चावी द्यावी लागत नाही. बापजाद्यांपासून नसलं तरी रस्ता झाल्यापासून असंच चालू होतं.

एक दिवस एसटी आलीच नाही. पुलावर पाणी होतं की गाडी बिघडली होती, कोणास ठाऊक. दिवसवाल्यानं पाणी वळवलं नाही. रात्रभर त्याच्याच बांध्या भरल्या. रात्रवाला कोर्टात आला, स्वतःच बोलला.

“साहेब, याले विचारा, पाणी काऊन नाई सोडलं?”

दुसरा म्हणाला, “एसटी आलीच नाई त सोडू कसा? मी त बारा वाजेपर्यंत सडकेवर वाट पाहून राह्यलो होतो.”

साहेबांनी हुकूम दिला, यापुढे सूर्य मावळला की पाणी वळवायचं. दोघांनी मान्य केलं. पण दिवस पावसाळ्याचे. आभाळ असं भरून यायचं की सूर्य मावळला का उगवलाच नाही, यावरच मारामारी. दोघे पुन्हा हजर. साहेबांनी पेन खाली ठेवलं, दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि मला सुधारित हुकूम सांगितला. ‘पाणी वळविण्याची वेळ: एस.टी. बसचे आगमन किंवा सूर्यास्त, यापैकी जे आधी दिसेल ते. दोन्ही न दिसल्यास गुरे घरी परतल्यावर.’

वरच्या कोर्टात अपील झालं. हुकूम कायम राहिला.

*

आता पारबताबाईचं सांगतो.

पारबताबाई नवऱ्याच्या हिश्शाची धानाची जमीन मागायला आली होती. नवरा साप चावून गेला. त्याचा मोठा भाऊ डोमाजी. जमीन दोघा भावांची, पण सातबारावर नाव एकट्या मोठ्याचं. नवरा गेल्यावर वर्षभरातच डोमाजीनं तिला घराबाहेर काढलं. ती माहेरी आली, तिथं भावजय रोज आठवण करून द्यायची की हे तुझं घर नाही. म्हणजे जमीन मिळाली तर पोट आणि छप्पर, नाही मिळाली तर दुसऱ्याच्या बांधीत रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करत मरायचं.

डोमाजीनं कोर्टात लेखी म्हणणं दिलं. ही माझ्या भावाची बायकोच नाही. लग्नच झालेलं नाही. रोवण्याच्या कामावर आलेली मजूर बाई, आमच्या सपरीत, म्हणजे ओसरीवर, राहिली, एवढंच.

लग्नाचा कागद तिच्याकडे नव्हता. आमच्याकडे तेव्हा खेड्यात कोणाकडे असायचा? फोटो नव्हता. गावातले लोक तिला घरी भेटले की हळहळायचे, पण डोमाजीच्या विरोधात साक्षीला यायला एकही तयार नव्हता. तिचे वकील म्हणाले, साक्षीदार आण. साक्षीदार मिळेना. वकिलांनी केस सोडली. मग ती एकटीच यायची. मला त्या बाईकडे पाहिलं की वाईट वाटायचं, हे मी आज सरळ सांगतो. तेव्हा तोंडावर दाखवता येत नव्हतं.

डोमाजीची साक्ष लागली. त्याचे वकील मधुकरराव, गावातल्या चार वकिलांतले सगळ्यात हुशार. डोमाजीनं पिंजऱ्यात उभं राहून, देवाची शपथ घेऊन, लेखी दिलं होतं तेच सांगितलं. एकदाही अडखळला नाही. आता उलटतपासणी. वकील असता तर त्यानं विचारलं असतं.

साहेब म्हणाले, “बाई, साक्षीदाराला तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा.”

पारबताबाई उठली. तिनं डोमाजीकडे पाठ केली, बाजूच्या भिंतीकडे तोंड केलं, पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि भिंतीला म्हणाली, “त्याहिले विचारा, माह्या लग्नात मांडव कोणं घातला होता?”

डोमाजी छताकडे पाहून म्हणाला, “मांडव नाई अन् लग्नही नाई.”

“त्याहिले विचारा, नवरा मेला तवा माह्या बांगड्या कोणाच्या आंगनात फोडल्या?”

डोमाजी पुन्हा छताकडे पाहून म्हणाला, “मले मालूम नाई.”

मी दोन्ही उत्तरं टाइप केली. दोन्ही तिच्या विरोधात होती.

मधुकरराव उभे राहिले. म्हणाले, “सर, ही बाई भिंतीशी बोलते आहे. हे काय चाललंय?”

साहेबांनी विचारलं, “बाई, तिकडे तोंड करून का बोलता?”

“भासरा हायत साहेब. आमच्यात त्याहिच्या समोर तोंड नाई दाखवत.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी हळू आवाजात सांगितलं, भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. त्याच्याशी थेट बोलायचं नाही, त्याच्या समोर यायचं नाही, इकडे तसा रिवाज आहे.

मधुकरराव तर याचीच वाट पाहत होते. “सर, वादाचा मुद्दाच हा आहे! लग्न झालं असेल तर हा भासरा. लग्न झालं की नाही, ते कोर्टानं ठरवायचंय. ही बाई पदर ओढून, भिंतीकडे तोंड करून सून असल्याचा पुरावा तयार करते आहे. हे निव्वळ नाटक आहे. मजुरीला आलेल्या बाईला माझ्या पक्षकारासमोर उभं राहायला काय अडचण? तिला समोर येऊन, तोंड उघडं ठेवून विचारायला सांगा.”

कायद्यानं ते बरोबर होतं. साहेबांना ते आवडलं नाही, पण बरोबर होतं.

“बाई, पिंजऱ्यासमोर या. साक्षीदाराकडे बघून विचारा.”

“मले नाई जमणार साहेब.”

“जमवावं लागेल. नाहीतर तुमचे प्रश्न संपले असं मला लिहावं लागेल.”

पारबताबाईनं चेहऱ्यावरचा पदर मागे घेतला, जमिनीकडे पाहत वळली आणि पिंजऱ्याकडे चालायला लागली. पिंजऱ्यापर्यंत येण्याची वाट अगदी अरुंद. माझ्या टेबलाजवळून जाताना तिचा पदर माझ्या मशीनला घासून गेला.

ती दोन पावलांवर आली आणि डोमाजी खाकरला. आमच्याकडे माणूस घरात शिरण्याआधी दारात खाकरतो, म्हणजे सुनांनी आडोशाला व्हावं, तसं. ती थांबली नाही. तसा डोमाजी दुसऱ्या बाजूनं पिंजऱ्याच्या खाली उतरला, कोपऱ्यात गेला, खांद्यावरचा दुपट्टा डोक्यावरून घेतला आणि कोर्टाकडे पाठ करून भिंतीला नाक लावून उभा राहिला.

साहेब म्हणाले, “साक्षीदार, पिंजऱ्यात या.”

“तिले मांगं सरकवा साहेब, मंग येतो.”

“का?”

डोमाजी भिंतीकडे तोंड ठेवूनच बोलला. आवाजात राग होता, आणि साताऱ्याकडच्या माणसाला एवढंही कसं कळत नाही, याचं आश्चर्य. “लहान्या भावाची बायको हाय ना साहेब. अशी कशी सामने येईन ते? पदर लागन ना माह्या अंगाले.”

मधुकरराव वकील हळूच खाली बसले आणि त्यांनी फाईलची नाडी बांधायला घेतली. साहेबांनी प्रश्न आणि उत्तर मला जसंच्या तसं सांगितलं. मी टाइप केलं.

मग साहेबांनी विचारलं, “बाई, आणखी काही विचारायचं आहे?”

पारबताबाईनं तोवर पदर पुन्हा हनुवटीपर्यंत ओढला होता आणि ती आपल्या आधीच्या भिंतीकडे वळली होती.

“नाई साहेब,” ती म्हणाली. “त्याहिले म्हणा, आता या म्हणा पिंजऱ्यात. मी तिकडं पाहून नाई राह्यली.”